जागा चुकलेलं ‘नाही’

त्रिशला वहिनी लग्न होऊन निपाणीला आमच्या घरी आली तेव्हा तिला मराठी जवळजवळ येत नव्हतं आणि आईला कन्नड. आमच्या भागातल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. निपाणीच्या बाजारात एका कानानं मराठी आणि दुसऱ्या कानानं कन्नड ऐकतच पोरं मोठी होतात. आप्पा तर त्यांच्या तंबाखूच्या वखारीत वाक्य एका भाषेत सुरू करायचे आणि दुसऱ्या भाषेत संपवायचे. पण आई कागलकडची. लग्नाआधी तिच्या कानावर कन्नड फारसं पडलंच नव्हतं आणि इथं आल्यावरही भाजीचा भाव विचारण्यापुरतंच तिनं ते जवळ केलं. वहिनीचं माहेर बैलहोंगलच्या पलीकडं, काळ्या जमिनीच्या मुलखात. आमच्यासारखंच जैनांचं शेतकरी घर. वडिलांनी तिला धारवाडला होस्टेलवर ठेवून इंग्रजी घेऊन बी.ए. केलेलं. तिला कन्नड येत होतं, इंग्रजी येत होतं, संस्कृतातली स्तोत्रं पाठ होती. नेमकी सासूची भाषा तेवढी येत नव्हती.

आमचा अण्णा, माझा थोरला भाऊ, बेंगळुरात नोकरीला होता. दोघा-तिघा मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा. घर मिळेपर्यंत वहिनीनं आमच्याकडं राहायचं असं ठरलं होतं. घर लवकर मिळेना, आणि त्यामुळं जवळजवळ वर्षभर ती मला मिळाली. मला सख्खी बहीण नव्हती. अंथरूण घालताना, धुणं वाळत टाकताना, बस्तीत दर्शनाला जाताना मी तिच्या मागं मागं असायची. आमच्याकडं जैनांच्या मंदिराला बस्ती म्हणतात. ती आमच्या गल्लीच्या तोंडालाच होती आणि तिची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. आणखी एक आवाज त्या गल्लीत दिवसभर असायचा, तो शिंकांचा. वखारीत तंबाखू झोडपायला लागले की तिची पूड वाऱ्यावर यायची आणि नवा माणूस शिंकून बेजार व्हायचा. आम्हाला सवय होती. वहिनी पहिला महिनाभर नाकाला पदर लावूनच भाकरी थापत होती आणि तशातही तिच्या भाकरीचा काठ कधी फाटला नाही, हे आईनंसुद्धा मान्य केलं होतं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. आप्पांना वखारीतून यायला उशीर झाला होता. भाकऱ्या आत्ता टाकायच्या की थांबायचं, असं आईनं खुणेनंच वहिनीला विचारलं. वहिनी नम्रपणे म्हणाली, “मावा बंद मेले.” आईच्या हातातली पळी खाली पडली. कन्नडमध्ये ‘बंद मेले’ म्हणजे ‘आल्यावर’. मामंजी आल्यावर टाकू, एवढंच तिला म्हणायचं होतं. आईनं ऐकलं ते एवढंच, की कुणीतरी मेले. मी धावत येऊन उलगडा केला. आप्पांनी घरी आल्यावर ते ऐकलं आणि जेवताना त्यांना इतकं हसू आलं की ठसका लागला. आईला मात्र हसू आलं नाही. आमच्या घरात मराठी बोलायचं, असं तिनं त्याच दिवशी वहिनीला सांगून टाकलं. रागानं नव्हे; घाबरली होती. पण वहिनीनं ते शब्द आज्ञेसारखे घेतले. त्या दिवसापासून ती आईशी एकही कन्नड शब्द बोलली नाही. येत नसेल तिथं गप्प बसायची. आणि गप्प बसणारी शिकलेली सून म्हणजे गर्विष्ठ, असं शेजारच्या बायका आईच्या कानात घालत होत्या.

त्या जूनमध्ये मी दहावीत गेले. नववीत इंग्रजीत कशीबशी तरले होते आणि शाळेतून आप्पांना बोलावणं आलं होतं. वहिनीनं ते ऐकलं आणि माझी शिकवणी आपणहून अंगावर घेतली. परसदारी तुळशीच्या कट्ट्याशेजारी एक पायरी होती, तिथं आम्ही बसायचो. ती काहीतरी निवडत असायची, मी वही घेऊन. ठरलं असं की तिनं मला इंग्रजी शिकवायचं आणि मी तिला मराठी. फी फिटंफाट.

मला सगळ्यांत छळायचे ते वेळ सांगणारे शब्द. व्हेन, व्हाइल, बिफोर, आफ्टर, सिन्स, अनटिल. शाळेत सरांनी त्यांची यादी फळ्यावर लिहून पाठ करायला सांगितली होती. मी पाठ केलीही होती, पण वाक्यात ते शब्द कुठं घालायचे हे काही सुचायचं नाही. वहिनीनं यादी बाजूला ठेवली आणि आमचं घरच पुढं घेतलं. आई चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवायची. त्यावरून ‘बिफोर द सन सेट्स, आई ईट्स.’ पाणी उकळून, फडक्यानं गाळून मगच माठात जायचं, त्यावरून आफ्टर. ती भाकरी थापत असताना शिंकायची, त्यावरून व्हाइल. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की मी चुकते कुठं. ती म्हणाली, मराठी आणि कन्नड दोन्हींत हा शब्द क्रियापदाच्या शेपटाला असतो. आल्यावर, बंद मेले. येईपर्यंत, बरूतनक. आपल्यात गाडीत बसून तिकीट काढताना कळतं की गाडी कुठं जाणार. इंग्रजीत पाटी पुढंच लावलेली असते. हे तिनं तीन भाषा मिसळून सांगितलं, पण मला जन्मभरासाठी समजलं. पुढं मी स्वतः इंग्रजीची शिक्षिका झाले आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी वर्गात हीच गाडी आणि हीच पाटी सांगत आले. पोरांना वाटायचं, बाईंची स्वतःची कल्पना आहे.

खरी अडचण अनटिलची होती. मी लिहिलं होतं, ‘अनटिल अण्णा डज नॉट कम, वहिनी विल स्टे हिअर.’ वहिनीनं त्यातलं नॉट खोडलं. मी म्हटलं, का? आपण तर म्हणतो, जोपर्यंत अण्णा येत नाही तोपर्यंत वहिनी इथं राहणार. ‘नाही’ आहेच की. ती म्हणाली, अनटिलच्या पोटात ‘नाही’ आधीपासून आहे, दुसरं घालायचं नाही. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं, तिनं पुन्हा खोडलं. असं कितीतरी दिवस चाललं. पण त्या खटाटोपात माझं ते लांबलचक मराठी वाक्य तिला आवडून गेलं. आपलं साधं ‘येईपर्यंत’ मी तिला शिकवलं होतं, पण तिला वाटायचं ते लहान पोरांचं. मोठ्या माणसांशी बोलताना ‘जोपर्यंत’ आणि ‘तोपर्यंत’ म्हणावं, त्यात आदर आहे, असं तिनं स्वतःच ठरवलं. भांडी घासताना ती पुटपुटायची, जोपर्यंत, तोपर्यंत, आणि मध्येच अडून माझ्याकडं बघायची.

आषाढाच्या मध्यावर आई न्हाणीत पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि हात गळ्यात बांधून दिला. आई कधी रिकामी बसलेली मी पाहिली नव्हती; आता ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून डाव्या हातानं माश्या हाकायची आणि वहिनीला सूचना द्यायची. वहिनी सगळं करायची. आईला आंघोळ घालायची, लुगडं नेसवायची. आईचे केस कमरेच्याही खाली जायचे. ते विंचरून अंबाडा घालायलाच वेळ लागायचा. त्या वेळी दोघी काहीच बोलायच्या नाहीत. आई डोळे मिटून घ्यायची. मी शाळेला जाताना ते बघून जायची.

नागपंचमीला मुलींनी माहेरी जायचं ही वहिनीच्या मुलखातली फार मोठी गोष्ट. तिकडं झाडांना झोपाळे बांधतात, नाना तऱ्हेच्या उंडी, म्हणजे लाडू, करतात, आणि लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मुलगी माहेरी नसली तर गाव विचारतं. पण तिचे वडील यायच्या आदल्या संध्याकाळी पायरीवर बसून वहिनी मला म्हणाली होती, या वर्षी पंचमी नाही. वडील न्यायला येतील, त्यांना परत पाठवीन. अण्णा सुट्टीवर येईल, तो आईजवळ असेल, मग मी चार दिवस जाऊन येईन. आणि हे आईला आपण स्वतः सांगणार, नीट मराठीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर वहिनी कुठं दिसेना. आई परातीपुढं बसून डाव्या हातानं पीठ मळायचा प्रयत्न करत होती. पीठ परातीबाहेर, लुगड्यावर, प्लास्टरवर. वहिनी कुठं आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, गेली. वडील आलते, त्यांच्याबरोबर गेली. मी चूल पेटवली, जमल्या तशा भाकऱ्या टाकल्या. आप्पा आले. दिवस मावळायला आला होता, म्हणून आम्ही लगेच पानं घेतली. आप्पांनी विचारलं, तेव्हा आईनं सांगितलं. वहिनीचे वडील पुढच्या सोप्यात आईसमोर बसले होते. वहिनी आतून आली, पदर सावरून आईपुढं उभी राहिली आणि म्हणाली.

“काय म्हणाली?” मी विचारलं. “तिचे शब्द सांग.”

आईनं घास खाली ठेवला. “म्हणाली, ‘जोपर्यंत ते येतात, तोपर्यंत मी इथं राहत नाही.’ बापासमोर म्हणाली गं. माझा हात ह्यो असा. मी म्हटलं, बरं, जा. तिची पेटी मीच काढून दिली.”

आप्पा म्हणाले, जाऊ दे, पोर आहे, माहेरची ओढ असतेच. पण मी मनात ते शब्द पुन्हा लावून पाहत होते. ते वाक्य मी ओळखलं होतं. त्यात ‘नाही’ होतं, पण ते पहिल्या अर्ध्या भागातून उठून दुसऱ्या अर्ध्या भागात जाऊन बसलं होतं. जोपर्यंत ते येत नाहीत, तोपर्यंत मी इथं राहते, हे तिचं वाक्य. रोज माझं नॉट खोडून खोडून तिला वाटलं असणार की जोपर्यंतच्या बाजूला ‘नाही’ चालत नाही. पण मराठीला ‘नाही’ लागतं असं तर मी म्हटलेलं. म्हणून तिनं ते टाकलं नाही, दुसरीकडं ठेवलं. ती राहते म्हणून सांगायला आली होती, आणि आईनं तिला पेटी काढून दिली.

मी हे सांगितलं. आईला पहिल्यांदा पटलं नाही. मग मी आदल्या संध्याकाळचं बोलणं सांगितलं, या वर्षी पंचमी नाही म्हणाली होती ते. आईनं परसदाराकडं बघितलं. वहिनीनं दुसऱ्या दिवसासाठी भिजत घातलेली मटकी तिथं पातेल्यात फडक्याखाली होती. माहेरी निघालेली बाई मटकी कशाला भिजत घालेल, हे आईच्या तेव्हा ध्यानात आलं असावं.

“मग तिनं सांगायचं न्हाय व्हय,” आई म्हणाली, “की मी ऱ्हाणार हाय म्हणून?”

“तेच सांगितलं तिनं, आई.”

तेवढ्यात दिवस मावळला. आईचं पान तसंच भरलेलं होतं. तिनं हात जोडले आणि उठली. आता उद्यापर्यंत काही नाही. आप्पा म्हणाले, मी माणूस पाठवतो, घेऊन येईल. आई म्हणाली, माणूस पाठवून सून आणायची नाही. मी जाते. मंगलला बरोबर द्या, तिला भाषा येते. मंगल म्हणजे मी.

सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. आईनं केस मला विंचरू दिले, पण अंबाडा काही मला जमला नाही. सैलसर गाठ मारून वर पदर घेतला. संकेश्वर जाईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, मला एक वाक्य शिकव. त्यांच्या घरात जाऊन तुला मध्ये घालून बोलायचं नाही मला. काय वाक्य, असं विचारलं तर म्हणाली, “तू येईपर्यंत मी जात न्हाय. हे त्यांच्यात कसं म्हणतात?”

मी सांगितलं, “नी बरूतनक ना होगंगिल्ल.”

काकती येईपर्यंत ती तेच घोकत होती. ‘होगंगिल्ल’ला तिची जीभ अडायची. पलीकडच्या बाकावरच्या एका म्हातारीनं ते ऐकून तिला दोनदा दुरुस्त केलं आणि कुणाला म्हणायचंय असं विचारलं. मी म्हटलं, सुनेला. म्हातारीनं तिसऱ्यांदाही म्हणवून घेतलं. बेळगावला गाडी बदलायची होती. स्टँडसमोरच्या दुकानातून आईनं खव्याचा कुंदा घेतला, रिकाम्या हातानं व्याह्यांच्या घरी कसं जायचं म्हणून, आणि तो पुडा मांडीवर धरून ती दुसऱ्या गाडीत पुन्हा पुटपुटायला लागली. मला तेव्हा हसू येत होतं. आज त्या प्रवासाची आठवण झाली की हसू येत नाही. आई तेव्हा पन्नाशीला आली होती, आदल्या दिवसापासून तिच्या पोटात अन्न असं नव्हतं, मनगट ठणकत होतं, आणि ती एका वाक्याचा सराव करत अनोळखी मुलखात निघाली होती. पुढं इतकी वर्षं मी भाषा शिकवली, पण तशी विद्यार्थिनी मला मिळाली नाही.

गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वहिनीच्या माहेरचं, पाटलांचं घर कुणीही दाखवलं. दार लोटलेलं होतं. आईनं पदर सारखा केला, छातीशी बांधलेला हात थोडा वर घेतला आणि कडी वाजवली. आतून पावलं आली. दार उघडलं, आणि आई एका दमात, मोठ्यानं, एकही चूक न करता म्हणाली, “नी बरूतनक ना होगंगिल्ल.”

दारात वहिनीचे वडील उभे होते. धोतर, उघडं अंग, खांद्यावर टॉवेल. तू येईपर्यंत मी जाणार नाही, असं विहीणबाईंनी एकेरीत त्यांना सांगितलं होतं. मग टॉवेल नीट अंगावर ओढून घेऊन अतिशय आदरानं त्यांनी विचारलं, “यल्लिग बरबेक री?” म्हणजे, कुठं यायचं जी?

आईला शब्द कळले नाहीत, पण काय झालं ते कळलं. ती तिथंच पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते आहे. खांदे हलत होते. मग आवाज आला तेव्हा कळलं की हसते आहे. तो आवाज ऐकून वहिनी आतून आली. हाताला गूळ-पीठ लागलेलं, डोळे सुजलेले. आईला बघून ती जागीच थांबली आणि मराठीत म्हणाली, “आई, तुम्ही जा म्हटला.”

“तू ऱ्हात न्हाय म्हणालीस.”

वहिनीनं नकारार्थी मान हलवली. मग तिचे ओठ हलायला लागले. मला शिकवताना धरायची तसं तिनं हवेत बोट धरलं, आणि एकेक शब्द पुढं सरकवत ती ते वाक्य पुन्हा मनात म्हणून गेली. बोट अर्ध्यात थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. ती येऊन आईच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “अय्य, अत्ती.” अत्ती म्हणजे सासूबाई. आमच्या घरात आल्यापासून तिनं आईला या नावानं कधी हाक मारली नव्हती. आईनं तिला थांबवलं नाही. डाव्या हातानं तिच्या गालावरचं पीठ पुसत ती म्हणाली, “तुला यील त्या भाषेत बोल माझ्याशी. पर गप बसू नगंस.”

आम्ही त्याच दिवशी परत फिरणार होतो. वहिनीच्या आईनं ते ऐकूनच घेतलं नाही. पंचमी तोंडावर आलेली, हात मोडलेली विहीण दारातून परत जाते म्हणजे काय. आप्पांना निरोप गेला, अण्णालाही तार केली की सरळ इकडंच ये. मग वहिनी आपल्या माहेरच्या अंगणात आईला उन्हात बसवून तिचे केस विंचरायला लागली आणि या वेळी दोघी बोलत होत्या. कोण कुठल्या भाषेत बोलत होतं हे मला नीट ऐकू येत नव्हतं. मी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खात सोप्यात बसले होते आणि मला कुणी दुभाषी म्हणून बोलावलं नाही. थोडं वाईटही वाटलं. त्या पोरवयात आपण उपयोगाचे आहोत हे फार सुखाचं असतं.

दहावीला मी इंग्रजीत पास झाले. अण्णाला दिवाळीच्या सुमाराला घर मिळालं आणि वहिनी बेंगळूरला गेली. आता ती सत्तरीच्या पुढं गेली आहे, मराठी माझ्यासारखंच बोलते, आणि अजूनही ‘जोपर्यंत’नं वाक्य सुरू केलं की मध्येच थबकून माझ्याकडं बघते. आई जाऊन बरीच वर्षं झाली.

त्या वर्षीच्या पंचमीला वहिनीच्या गावाबाहेरच्या चिंचेला झोपाळा बांधला होता. दोर इतका लांब की वर गेलं की शेतापलीकडचा ओढा दिसायचा. बायका एकेक करून बसत होत्या, गाणी म्हणत होत्या. त्यांनी आईला धरून आणलं. आई नको नको म्हणत होती, हात दाखवत होती, या वयात काय म्हणत होती. शेवटी मला तिच्या शेजारी बसवलं, मी तिच्या कमरेला घट्ट विळखा घातला आणि तिनं डाव्या हातानं दोर धरला. वहिनी मागून झोका देत होती. पहिल्यांदा हळू, मग जरा जोरात. आईचा पदर सुटला, पण अंबाडा हलला नाही. ओढा दिसायला लागला तेव्हा वहिनीनं खालून विचारलं, “साका, अत्ती?” म्हणजे, पुरे का?

मी सांगायला तोंड उघडलं होतं. आईनं माझी वाट पाहिली नाही.

“न्हाय,” ती वरूनच म्हणाली. “आजून.”